मोहगावला परत गेलेल्या बाई

आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत मेश्राम बाईंसमोर ‘असं म्हणतात’ हे दोन शब्द उच्चारायची सोय नव्हती.

“कोण म्हणते?” बाई लगेच विचारायच्या. आवाज न चढवता, पत्ता विचारावा तसं. “नाव सांगा. त्यानं सोता पाह्यलं, का त्यालेही कोणी म्हटलं?”

एकदा प्राचार्य सहज बोलून गेले की यंदा थंडी फार पडणार असं म्हणतात. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. प्राचार्य बिचारे चहाचा कप हातात धरून, हे आपल्याला नक्की कोणी सांगितलं ते आठवत बसले. तास सुरू झाल्याची घंटा झाली तेव्हा त्यांची सुटका झाली.

बाई भौतिकशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. ऐंशी सालानंतरची ती पहिलीच वर्षं. मी नोकरीला नवीन लागले होते आणि स्टाफरूममध्ये बायका आम्ही दोघीच. त्यामुळे टेबल एक, पाण्याचं मडकं एक आणि भिंतीवरचा आरसाही एकच. आरशाचा उपयोग मीच करायची. बाई उंच, सावळ्या, केस घट्ट अंबाड्यात बांधलेले आणि अंगावर बारीक काठाची सुती साडी. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात पुस्तकं कमी आणि स्क्रू पिळायचा पेचकस, तांब्याची तार, चिकटपट्टी असल्याच वस्तू जास्त. शाळेतला पंखा बंद पडला की शिपाई वीज मंडळाच्या ऑफिसात न जाता आधी बाईंना शोधायचा.

गोड बोलणं त्यांना जमत नसे. माझा कवितेचा तास शेजारच्या वर्गातून त्यांना ऐकू जायचा, आणि मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता त्या विचारायच्या, “सुनंदा, चंद्रासारखं तोंड म्हंजे कसं वं? खड्डे असलेलं?” मी चिडले की त्या मनापासून हसायच्या. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला त्या कधी मारत नव्हत्या, पण असं उलटं उलटं विचारत जायच्या की त्याला मार परवडला असता. कित्येक मुलं त्यांना घाबरायची. आणि तीच मुलं सुट्टीत प्रयोगशाळेच्या दाराशी घोटाळत असायची.

बाईंचे वडील छिंदवाड्याच्या पलीकडे कोळशाच्या खाणीत कामाला होते. मूळ घर नागपूरकडचं, बौद्ध कुटुंब. वडिलांनी जमिनीखाली घाम गाळून मुलीला एम.एस्सी. केलं, आणि तिची नोकरी लागली त्याच्या दुसऱ्याच वर्षी ते गेले. शेवटी शेवटी त्यांना आडवं होऊन झोपता येत नसे, खोकल्यानं. हे बाईंनी मला एकदाच सांगितलं, तेही प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसता पुसता.

“त्या कोळशानं कोणाचं घर उजळलं मले माहीत नाही. आमचं घर तं खोकून राह्यलं होतं.”

म्हणून असेल, अणूच्या विजेवर बाईंचा फार जीव. मूठभर इंधनात गावच्या गाव उजळतं, आणि कोणाच्या बापाला जमिनीखाली जावं लागत नाही, हे सांगताना त्यांचा चेहराच बदलायचा. युरेनियमसुद्धा खाणीतूनच येतं, हे एका मुलीनं त्यांना वर्गात सुनावलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बरोबर. थोडं लागते, पण लागते. माहं वाक्य चुकलं.” आणि फळ्यावरचं वाक्य पुसून पुन्हा लिहिलं.

अकरावीला हा धडा शिकवताना त्या स्टोव्ह पेटवून त्यावर किटली ठेवायच्या. किटलीच्या तोंडाशी डब्याच्या पत्र्याचं कापलेलं चाक. पाणी उकळलं की चाक गरगर फिरायचं.

“कोळसा असो का अणू असो, सगळ्याचा शेवट वाफेत होते,” बाई सांगायच्या. “चूल तेवढी बदलते. तं आपण भांडायचं ते चुलीबद्दल. कोणती चूल आपल्या घराले झेपते?”

या ‘झेपते’वर त्यांनी एक वर्षी शाळेत वादविवादच ठेवला. ‘आपल्यासारख्या देशाला अणूची वीज परवडेल का?’ एक मुलगा तावातावानं बोलला की संत्र्याच्या बगीच्याला मोटर पाहिजे, मोटरीला लाईन पाहिजे, आणि लाईन दिवसातून चार वेळा जाते, म्हणून वीज कुठूनही येवो, आली पाहिजे. त्यावर एका मुलीनं वर बोट केलं. आमच्या सभागृहाचे दोन पत्रे मागच्या वादळात उडाले होते ते अजून बसवले नव्हते. “ज्याईले पत्रे बसवता येत नाही त्याईनं अणुभट्टी कशाले बांधावं?” सगळी शाळा हसली. टाळ्या पडल्या. आणि नेमक्या त्याच वेळी बाईंनी घंटा वाजवली आणि सांगितलं, आता बाजू बदला. जे हो म्हणत होते त्यांनी नाही म्हणायचं, आणि तेवढ्याच जोरानं. पत्र्याची गोष्ट काढणारी मुलगी रडकुंडीला आली. “बाई, माझं मत ते नाही ना.”

“मत नंतर,” बाई म्हणाल्या. “पहिले समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं सांगून दाखव.”

अशा या बाईंना मोहगावचं बोलावणं आलं ते एका हिवाळ्यात, संत्र्याचा तोडा चालू असताना. सौंसर तालुक्यात मोहगावजवळ नदीकाठानं एक जीप चार दिवस फिरली. आतल्या माणसांनी खुंट्या ठोकल्या, कसल्याशा पेट्या जमिनीला लावून पाहिल्या आणि कोणाशी धड न बोलता निघून गेले. आठवड्याभरात सगळीकडे झालं की मोहगावला अणूचा कारखाना येणार. कोणी म्हणे जमिनीला सोन्याचा भाव येणार, पोरांना नोकऱ्या लागणार. कोणी म्हणे संत्र्याला फूलच धरणार नाही. शेवटी सरपंचांनी ठरवलं की जाणत्या माणसाला विचारावं. जाणतं माणूस पांढुर्ण्याच्या शाळेत होतं. सौंसरहून बस बदलून आम्ही दोघी गेलो. मी निव्वळ सोबत म्हणून.

ग्रामपंचायतीच्या पटांगणात दोन-अडीचशे माणसं बसली असतील. बाई तासभर बोलल्या. आधी त्यांनी सांगून टाकलं की जीप कोणाची होती, कशासाठी आली होती, हे त्यांना माहीत नाही. मग किटली काढली, चाक फिरवून दाखवलं. कोळशाबद्दल सांगितलं, वडिलांबद्दलही. मी त्यांना भरगर्दीत वडिलांचं नाव घेताना पहिल्यांदाच ऐकत होते. कचरा हजारो वर्षं सांभाळावा लागतो हे लपवलं नाही. पाणी किती लागतं, ते गावाच्या वाट्याचं जाणार का, हे विचारून घ्या म्हणाल्या.

शेवटी नत्थूजी घागरे उठले. साठीचे, डोक्याला उपरणं, संत्र्याचा मोठा बगीचा असलेले.

“बाई, समजा ते बिघडलं. फुटलं. तं?”

“तसं फुटत नाही, नत्थूजी. अमेरिकेत एकदा बिघडलं होतं, पण भिंतीनं आतल्या आत धरलं. कारखाना फुटला आन् गावंच्या गावं खाली करा लागले, असं होणार नाही. मी तुमाले लिहून देते.”

“लिहून नका देऊ. मले एवढंच सांगा, बिघडलं तं आमाले सांगन कोण? इथं डीपी जळाली तं लाईनमन आठ दिवस तोंड दाखवत नाही. आन् आला तं म्हणते, काही नाही झालं, सगळं ठीक हाय.”

पटांगण हसलं. बाईही हसल्या. उत्तर मात्र त्यांनी दिलं नाही, आणि लोकांनीही मागितलं नाही. सभा संपली. लोक हात जोडून म्हणाले, बाई, तुम्ही सांगितलं म्हणजे आता भीती नाही. परतीच्या बसमध्ये बाई खुशीत होत्या. मीही.

त्यानंतर आसपासच्या गावांनीही बाईंना बोलावलं, आणि त्या किटली घेऊन गेल्या. ती जीप मात्र परत आली नाही. वर्ष गेलं, कारखान्याचं नाव मागे पडलं.

शहाऐंशीच्या एप्रिलअखेर परीक्षा संपल्या होत्या आणि आम्ही स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. नागपूरचं वर्तमानपत्र दुपारच्या गाडीनं आलं. रशियात चेर्नोबिल नावाच्या ठिकाणी अणूचा कारखाना फुटल्याची बातमी होती. बाईंनी ती उभ्यानंच वाचली. मग बसून वाचली. पुढचे आठ-दहा दिवस त्या मिळेल ते वर्तमानपत्र आणत होत्या, हिंदी, मराठी, इंग्रजी, आणि सकाळी बुद्धविहाराजवळच्या एका घरी जाऊन रेडिओवर परदेशी केंद्रांच्या बातम्या ऐकत होत्या. माणसं बसमध्ये भरून गावं रिकामी केली होती. आणि तिथल्या सरकारनं आधी कोणाला काही सांगितलंच नव्हतं. दूरच्या दुसऱ्याच देशातल्या यंत्रांनी हवेतला फरक पकडला तेव्हा जगाला कळलं.

“सुनंदा,” एका सकाळी त्या म्हणाल्या, “मी मोहगावले जाऊन राह्यली.”

“कशाला?”

“म्या त्याईले सांगितलं होतं, असं होणार नाही म्हून.”

मी त्यांना समजावून पाहिलं. कारखाना येणार नव्हताच. कोणाला आता आठवतही नसेल. त्या ऐकत होत्या आणि पिशवी भरत होत्या.

त्याच दिवशी विहारातले रामटेके गुरुजी बाईंकडे आले. वयानं मोठे, बाईंच्या शिक्षणाचा अभिमान असलेले. मी तिथेच बसले होते. गुरुजींनी चहाला हात लावला नाही.

“पोरी, तुझं खरं हाय. पण विचार कर. मोहगावच्या पटांगणात आपल्या घरची बाई उभी राह्यली आन् सगळ्या पाटील लोकाईनं खाली बसून ऐकलं, हे आमी पहिल्यांदा पाह्यलं. आता तूच जाऊन चुकली म्हणशीन? त्याईच्यातला चुकला तं एक माणूस चुकते. आपल्यातला चुकला तं सगळ्या समाजाचं चुकते.”

हा घाव खोल होता, त्यांच्या तोंडावरून कळत होतं. शाळेत नवीन आल्या तेव्हा ‘राखीवमधून आल्या’ ही कुजबूज त्यांनीही ऐकलेली होती आणि मीही.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “दुसऱ्या कोणी माही चूक काढली तं समाजाची होईन. मी सोता सांगितली तं फक्त माही राहीन. म्हून मलेच गेलं पाह्यजे.”

गुरुजींनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, मला आजही सांगता येत नाही. पण जाताना त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

मे महिन्याचं ऊन. मोहगावला उतरलो तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. या वेळी सभा नव्हती, भोंगा नव्हता. सरपंच लग्नाला गेले होते. पटांगणातल्या लिंबाखाली वीस-पंचवीस माणसं कशीबशी जमली, निम्मी कुतूहलानं. बाई उभ्या राहिल्या.

“मागच्या वेळी म्या तुमाले सांगितलं होतं की असा कारखाना फुटून गावं खाली करा लागणार नाही. ते चूक होतं. तसं झालं हाय. मले जेवढं माहीत होतं त्याच्यापेक्षा मी जास्त खात्रीनं बोलली.”

मग नत्थूजीच म्हणाले, “बाई, तुमी आल्या नसत्या तरी आमाले काय मालूम पडलं असतं?”

“मले मालूम होतं ना, नत्थूजी.”

एक तरुण मागून ओरडला, “मंग आता काय, अणूची बिजली नाही पाह्यजे म्हणता का? उद्या कारखाना आला तं आमच्या नोकऱ्या बुडवता का?”

“तसं म्या म्हटलं नाही. कोळसा अजूनही माणसं खाऊनच राह्यला हाय, ते खोटं झालं नाही. आपल्याले बिजली पाह्यजे, हेही खोटं झालं नाही. पण मी विचार करत होती यंत्राचा. भिंत किती जाड, पाणी किती, पैसा किती. नत्थूजीनं विचारलं होतं, बिघडलं तं सांगन कोण? आन् मी हसली होती. तो प्रश्न सगळ्यात मोठा निघाला. तिथं यंत्र बिघडलं, त्याच्यावर साहेब लोक चूप बसले. गरीब देशाले यंत्र एखाद्या वेळी परवडन. पण जिथं बिघडलेलं लपवतात, तिथं काहीच परवडत नाही. कारखाना आला तं पहिले हे विचारा. आन् पटन असं उत्तर भेटल्याशिवाय हो म्हणू नका. आज मले कोणी विचारलं, पाह्यजे का नाही, तं माहं उत्तर हाय, मले माहीत नाही.”

‘मला माहीत नाही’ हे शब्द शिक्षकाच्या तोंडून उन्हात, लिंबाखाली, सगळ्यांसमोर ऐकायला फार वेगळे वाटतात. दोन-चार माणसं उठून गेली. एक जण जाताना मोठ्यानं म्हणाला की हिलाच काही समजत नाही तर आम्हाला काय सांगते. बाईंनी ते ऐकलं. त्यांनी पाणी पिऊन फडक्यानं तोंड पुसलं.

नत्थूजी आम्हाला घरी घेऊन गेले. ओसरीवर नव्हे, आत. त्यांच्या बायकोनं पिठलं-भाकर वाढली आणि बाईंच्या शेजारीच बसून विचारलं, “त्या रशियातल्या बाया लेकरं घेऊन कोठी गेल्या असतीन हो बाई?” बाईंनी जे वाचलं होतं ते सांगितलं. जेवताना त्या दोघी त्याच बोलत होत्या.

मोहगावनंतर बाई सौंसरला गेल्या, मग तिगावला, जिथे जिथे त्यांनी किटली घेऊन भाषण केलं होतं तिथे. शेवटी विहारातही. तिथे रामटेके गुरुजी सगळ्यात पुढे बसले होते.

जुलैत शाळा उघडली आणि वरून कागद आला. शासकीय शिक्षिकेनं शासनाच्या धोरणाविरुद्ध गावोगाव भाषणं केल्याची तक्रार होती, स्पष्टीकरण द्या. प्राचार्य भले माणूस. त्यांनी स्वतः दोन ओळींचा माफीनामा लिहून आणला आणि म्हणाले, “बाई, सही करा, विषय खतम.” बाईंनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि स्वतःचा कागद लिहिला. त्याची शेवटची ओळ मला पाठ आहे, कारण प्राचार्यांनी ती कपाळाला हात लावून दोनदा वाचली होती. ‘मी याच विषयावर याच गावांत आधीही भाषणे दिली होती. तेव्हा मी चूक बोलले होते आणि तेव्हा माझ्याकडे कोणीही स्पष्टीकरण मागितले नव्हते.’

महिन्याभरात तबादला झाला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरातल्या शाळेत. जिथे वीजच नव्हती.

मी रडले. बाई म्हणाल्या, “रडून काय राह्यली? तिथं पंखे दुरुस्त करा लागणार नाही.” नत्थूजी मोहगावहून घरच्या तुरीची डाळ घेऊन आले, दोन बसा बदलून. पिशवी बाईंच्या हातात देऊन ते नुसते उभे राहिले.

त्या जीपचं पुढे कळलं. मँगनीजच्या शोधात आलेली माणसं होती ती. अणूचा कारखाना आमच्याकडे कधी येणारच नव्हता.

बाई मला त्यानंतर एकदाच दिसल्या. तीनेक वर्षांनी, हिवाळ्यात, सौंसरच्या बसस्टँडवर. संत्र्याच्या टोपल्यांमधून वाट काढत मी नागपूरच्या गाडीकडे जात होते, आणि छिंदवाड्याच्या गाडीत खिडकीशी बाई. केस पांढरे झालेले. शेजारी हिरव्या काचांचा चष्मा लावलेली एक म्हातारी. त्यांच्या डोंगरातल्या गावची. बाईंनी तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला नेलं होतं. म्हातारी खिडकीबाहेर प्रत्येक गोष्ट निरखून पाहत होती.

“लाईन आली का तुमच्याकडे?” मी विचारलं.

“खांब आले. तार यायची हाय.”

तेवढ्यात म्हातारीनं बाईंचा दंड धरला आणि स्टँडच्या छताकडे बोट दाखवलं. “बाई, आता दिवसच हाय ना? मले बरोबर दिसते ना?”

“बरोबर दिसते. दिवसच हाय.”

“मंग ते दिवे काऊन जळून राह्यले?”

छताखाली सगळ्या ट्यूबलाईट भर दुपारी लागलेल्या होत्या. रोज लागलेल्या असतील. मी त्या स्टँडवरून वर्षानुवर्षं ये-जा करत होते, मला कधी दिसल्या नव्हत्या.

बाईंनी छताकडे पाहिलं. मग म्हातारीच्या मांडीवर पिशवी ठेवली आणि त्या उतरायला लागल्या. कंडक्टर ओरडला, “अवं बाई, गाडी सुटून राह्यली!” “एक मिनिट थांबा,” म्हणत त्या चौकशीच्या खिडकीकडे गेल्या. आत वाकून काही बोलल्या. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, लोक वैतागले होते, म्हातारी खिडकीतून मान काढून बघत होती. बाई वळल्या आणि त्यांच्या त्याच सावकाश चालीनं गाडीकडे निघाल्या. त्यांच्या मागे छताखालचे दिवे एकेक करून विझत होते.